मावशीचा टीव्ही आणि त्याचं खोकं

हैदराबादला जायचं ठरलं ते रूथमावशीच्या कार्डामुळे. "घर रिकामं करते आहे. कापणीच्या सणाला ये," एवढंच लिहिलं होतं. गोष्ट नव्वदच्या दशकातली. आमच्या जालन्यात तेव्हा जो तो हप्त्यांवर फ्रिज आणून घर भरत होता, आणि ही बाई रिकामं करायला निघालेली! आई म्हणाली, जाऊन बघ तिचं डोकं ठिकाणावर आहे का. बायकोने मोत्यांच्या सरासाठी पैसे हातात ठेवले आणि तीनदा बजावलं की दुसऱ्या कशावर उडवायचे नाहीत.

मीटरगेजची गाडी रात्रभर रमतगमत गेली. तुम्ही आता जाल तर गाड्या बऱ्या आहेत, पण डबा घरूनच न्या, वाटेतल्या वड्यांचा भरवसा नको. सकाळी काचीगुड्याला उतरलो. तिथून मलकपेठ रिक्षाने हाकेवर.

मावशी दारातच उभी होती. "सलाम, सामू. दुबळा झालास रे," म्हणत तिने आत ओढलं. तीस वर्षं हैदराबादेत नर्स होती, त्यामुळे तिच्या मराठीत नक्को आणि हौ कायमचे. काका वारलेले, एकुलता मुलगा दानी दुबईला. आता ती जहीराबादकडच्या एका खेड्यात मिशनच्या दवाखान्यात राहायला जाणार होती. एक खोली, एक ट्रंक, बस. घरात दोन भांडी आणि टेबलावर एक रंगीत टीव्ही उरला होता. जेवायला खट्टी दाळ आणि तळलेलं मटण होतं. त्या एका जेवणासाठीसुद्धा हैदराबाद गाठावं.

शनिवारी तिने मला सुतळी आणायला बेगम बाजारात पिटाळलं. इथे एक सांगतो, तिथे पहिला भाव ऐकून हसायचं आणि पुढच्या दुकानाकडे वळायचं. दुकानदार स्वतःच बोलावतो.

रविवारी कापणीचा सण. शेतातलं पहिलं पीक देवाला द्यायचं, उपासनेनंतर त्याचा लिलाव करायचा, ही आमच्या चर्चमधली जुनी रीत. शहरातल्या मराठी मंडळीकडे कुठलं आलंय शेत? म्हणून लोक नारळ, केक, लोणचं आणतात, एखादा कोंबडाही असतो. त्या वर्षी टेबलावर मावशीचा टीव्ही होता. पाळकसाहेब बोली पुकारत होते आणि मावशी त्यावरचं क्रोशाचं झाकण उगाचच सारखं करत होती. मला गलबलून आलं. वाटलं, आयुष्यभर दुसऱ्यांची दुखणी काढलेल्या बाईने म्हातारपणी करमणूकही सोडायची? मी हात वर केला. एक काका अडून बसले होते, पण मी त्यांना हरवलं. मोत्यांचा सर तिथेच गेला.

मावशी चर्चमध्ये भांडी आवरायला थांबली तेवढ्यात मी रिक्षाने टीव्ही घरी आणून जागच्या जागी ठेवला. भलताच खूश होतो. ती आली, आणि दारातच थबकली.

"हे काय केलंस, सामू? मला वाटलं, जालन्याला न्यायला घेतलास. ह्याला उचलायला मला आठ महिने लागले. तू एका घंट्यात परत आणलास."

मी म्हटलं, तुला एकटीला करमणार नाही म्हणून घेतला. मग तिने हळूहळू सांगितलं. टीव्ही दानीने पाठवलेला. त्यानंतर तो तीन वर्षांत आला नाही, पत्रंही आटली. ती रोज संध्याकाळी टीव्ही नुसताच लावून ठेवायची, घरात दानी असल्यासारखं वाटायचं. प्रार्थनेला डोळे मिटले तरी मन इथेच. देवापुढे बसून मी टीव्हीची वाट बघत होते रे, म्हणाली.

मला तोंड लपवायला जागा नव्हती. म्हटलं, मी जालन्याला नेतो. बांधायला काही मिळतंय का बघायला खाटेखाली वाकलो, तर तिथे टीव्हीचं मूळ खोकं, थर्मोकोलसकट. वर दानीच्या अक्षरात लिहिलेलं: आईसाठी.

मावशी चोरी पकडल्यासारखी ओशाळली. टीव्ही लिलावात मांडला होता, खोकं मांडलं नव्हतं.

सकाळी उठलो तर तिने स्वतःच ते ओढून पुसून ठेवलेलं. "ह्यातच भर," म्हणाली.

"खोकं राहू दे ना तुला, मावशी."

"नक्को. ज्याला यायचंय तो माझ्याकडे येईल, खोक्याकडे नाही."

त्या अक्षरांवरून तिने एकदा हात फिरवला. मग माझीच सुतळी घेऊन त्यांच्यावरून आवळली आणि गाठ मारली. नर्सची गाठ ती, जालन्यात कात्रीनेच सुटली.

बायको चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी शेजारणींना बोलावून मालिका बघत बसली.

मावशीने त्या खेड्यात बारा वर्षं काढली आणि शेवटी ट्रंकसुद्धा कुणाला तरी देऊन टाकली. टीव्ही कधीच भंगारात गेला. खोकं मात्र आमच्या माळ्यावर आहे. नाताळच्या साफसफाईत बायको दरवर्षी विचारते, हे काढू का? मी दरवर्षी म्हणतो, असू दे गं.

मावशीला आठ महिने लागले होते. माझं अजून चाललंय.