बाबांचा रोलचा कॅमेरा

बाबांचा रोलचा कॅमेरा अजून आमच्या पोशेऱ्याच्या घरात आहे. रोल जव्हारहून आणावा लागे आणि बहुतेक वेळा तो नसेच. तरी लावणी आटोपली की बाबा सगळ्यांना बांधावर उभं करून नुसतंच बटण दाबायचे. आम्हाला वाटायचं, फोटो निघाला. आता मोबाइलात ढिगानं फोटो आहेत आणि बघायला कुणाला सवड नाही, ते सोडा.

परवा मी तो कॅमेरा पुसत होतो, तर आई केस विंचरून, पदर सारखा करून समोर येऊन बसली.

"आई, यात रोल नाही गं."

"तुझ्या बापाच्या वेळी तरी कुठं होता?"

"तुला ठाऊक होतं? मग दरवेळी नटून का उभी राहायचीस?"

आई हसली. "एरवी तुझा बाप माझ्याकडं इतका वेळ कधी बघायचा?"