टीचरचा घोव

आमच्या शाळेत समुपदेशनाला येणाऱ्या बाईइतकं बोलणारं माणूस पेडण्यापासून डिचोलीपर्यंत दुसरं नसेल, आणि असलंच तर ते बसमध्ये हिच्या शेजारी बसून कायमचं गप्प झालं असेल. मंगळवारी आणि शुक्रवारी ती पेडण्याहून बसगाड्या बदलत यायची. कंडक्टरनं तिकीट फाडेपर्यंत त्याला तिच्या सासूची गुडघेदुखी पाठ झालेली असायची. फाटकात शिपायाशी सुरू केलेलं वाक्य ती स्टाफरूममध्ये माझ्याशी संपवायची. सुरुवात शिपायाला ठाऊक, शेवट मला. पाववाल्या पोदेराकडून घेतलेले गरम उंडे ती बोलता बोलता तोडून सगळ्यांना वाटायची आणि मधल्या सुट्टीत "माझो पाव खंय गेलो गो?" म्हणून शोधत फिरायची. मी मुख्याध्यापिका, मला गप्पांना वेळ नसतो. तसं मी तिला एकदा स्पष्ट सांगितलं. "तुमी बोलू नकात, मॅडम," ती म्हणाली. "मी आसंय मगे."

तिला आम्ही आरोग्याची खोली दिली होती. आत एक खाट, बसायला दोन कदेली आणि भिंतीवर उंची मोजायची पट्टी. दारावर 'मानसिक आरोग्य' अशी छान पाटी मी रंगवून घेतली, आणि आठवड्याभरात गावात तिची 'पिशांची खोली' झाली. वेडा-पिसा म्हणवून घ्यायला आत कोण जाणार? हिनं स्टुलावर चढून पाटी काढली आणि वजनकाटा आत नेऊन ठेवला. वजन करायला कुणीही जाऊ शकतं. त्या वर्षी आमच्या आठवी-नववीच्या मुलांना वजनाची एवढी काळजी लागली, की काट्यालाच विश्रांती द्यावी असं मला वाटू लागलं.

हिच्याआधी आलेली समुपदेशक शांत होती. मान किंचित कलती करून मूल कधी बोलतं याची वाट बघायची. मोठं माणूस असं वाट बघत बसलं की आमच्या मुलांना न केलेला गृहपाठ आठवतो. हिची तऱ्हा उलटी. मूल समोर बसलं की ही आपल्या घोवाचं पुराण लावायची. नवरा हा शब्द तिला परका, घोवच. आणि हा घोव म्हणजे एकेक नमुना! गणितात दोनदा नापास. काळोखाला भितो. चारचौघांत उभा राहिला की त-त-प-प करतो. कॉलेजात एका मुलीनं नको म्हटलं तर दाढी वाढवून विहिरीच्या कठड्यावर बसून राहिला. तिचा आवाज उघड्या जनेलातून शाळाभर जायचा. मूल आधी हसायचं, मग कंटाळायचं, आणि शेवटी तिला थांबवायला म्हणायचं, "टीचर, माझा जरा आयका मां!" तेव्हा ती गप्प व्हायची. इतकी गप्प, की व्हरांड्यात मला ते कळायचं.

मुलं काय सांगायची ते मात्र तिनं मला कधी कळू दिलं नाही. डॉक्टरकडे न्यायची वेळ आली, तर त्या मुलाला शेजारी बसवून आईबापांना ती स्वतः सांगायची, दवाखान्यातही सोबत जायची. बाकी मी काही विचारलं की सासूचा गुडघा पुढे करायची.

तिच्या घोवाला मी स्नेहसंमेलनाला पाहिलं. बायकोला न्यायला स्कूटरवरून आला होता. इस्त्रीचा शर्ट, खणखणीत आवाज, पेडण्याच्या शाळेत मास्तर, आणि विषय गणित! मी जरा सांभाळूनच "तब्येत बरी?" विचारलं. बिचारा लाल झाला. "तुमीय आयकलास? मॅडम, खंयच्या शाळेत माका तोंड दाखवूक जागा ठेवूक नाय हिणा. इचारलंय, तर म्हणता, दुसऱ्याचो घोव खंयसून हाडू?"

खाणी बंद पडल्या त्या वर्षीची गोष्ट. आमच्या दहावीतल्या एका मुलीचा बाप खनिजाचा ट्रक चालवायचा. मूळचा सिंधुदुर्गातला. काम गेलं आणि तो घरी बसला. मुलगी आधी घरात बोलेनाशी झाली, मग वर्गात; फक्त दर मंगळवारी आणि शुक्रवारी न चुकता वजन करायची. परीक्षा तोंडावर आली असताना एका शुक्रवारी तो माझ्या ऑफिसात येऊन उभा राहिला. मुलगी दप्तर घेऊन दाराबाहेर.

"दाखलो द्या. आमी गावाक जातो. चेडवाक खोलयेत बसवन तुमी पिशी केलास. घरात तोंड उघडणा नाय, आनी हय बोलता म्हणे!"

आता पटावरून नाव काढलं की तिची शाळा संपली, हे त्यालाही कळत होतं आणि मलाही. मी समुपदेशक बाईला बोलावलं. मुलीचं काय बिनसलंय ते निदान आज तरी ती सांगेल, अशी माझी अपेक्षा. तिनं कदेल ओढली, त्याच्यासमोर बसली आणि म्हणाली, "दादानु, माझो घोव सा म्हयने घरात बसान आसा."

गणिताचा मास्तर त्या घटकेला पेडण्यात फळ्यावर त्रिकोण काढत असणार.

"सकाळी उठता, बूट घालता आनी जनेलात बसता," ती म्हणाली. "चाय दिली तर साखर कमी. घातली तर जास्ती. पोरांर वसवसता. रागान न्हय ओ, लाजान. आता माझी सासू..."

त्यानं भिंतीकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, मग सुटकेच्या आशेनं माझ्याकडे. मी रजिस्टर उघडून त्यात डोकं घातलं. सासूचा दुसरा गुडघा सुरू झाला तेव्हा तो म्हणाला, "बाय, जरा गप रवा. माझा आयका."

ती गप्प झाली. मी उठून बाहेर आले आणि दार ओढून घेतलं.

तो बाहेर आला तेव्हा पुढचा तास सुरू झाला होता. त्यानं मुलीचं दप्तर आपल्या खांद्यावर घेतलं, दोन पावलं फाटकाकडे गेला, थांबला आणि दप्तर परत तिच्या हातात दिलं. "तास आसा मगे तुझो? जा." दाखल्याचं नाव कुणी काढलं नाही.

मुलगी परीक्षेला बसली, पास झाली. जूनमध्ये बाईला तेरेखोलच्या बाजूची शाळा दिली. तिच्या वाराला आता स्टाफरूममध्ये माझी कामं भराभर होतात. ते काही फार बरं वाटत नाही. मध्यंतरी तो बाप पेढे घेऊन आला. दाढी केलेली, अंगात खाकी शर्ट. एका शाळेची बस चालवतो म्हणाला. टीचर इथं नाहीत हे कळल्यावर जरा घुटमळला.

"त्येंच्या घोवाक काम मेळला?"

मी पेढ्यांचा पुडा सोडेपर्यंत तोच म्हणाला, "आमच्या गाडयेर माणूस व्हयो आसा, पोरांक चढवूक-उतरवूक. त्येका म्हणा, लाजू नको. पयले चार दीस जड जाता. मी आसंय."

मी सांगते म्हटलं.

संध्याकाळी तिला फोन लावला. उचलला तोच बोलत: फेरीबोट चुकली, ही दुसरी, साडी भिजली, सासूनं काय म्हटलं ठाऊक आहे? मी मध्ये घुसून तो निरोप जसाच्या तसा सांगितला. त्यानंतर बराच वेळ मला फक्त फेरीबोटीचं इंजिन ऐकू येत राहिलं.