यशोदेनं घेतलेलं नाव

"काका, ही आधी कोणी उघडली होती का?"

चिंचवडच्या त्या टीचभर दुकानात नेहानं हार्ड डिस्कचं झाकण काढून ती दिव्याखाली धरली होती. पुसलेला डेटा, पडलेल्या डिस्क, भिजलेले पेनड्राइव्ह, असलं सगळं तिच्याकडं यायचं. सयाजीनं उत्तर द्यायच्या आधी शेजारी बसलेल्या लेकीकडं बघितलं. तेवढ्यावरूनच वर्षालीला कळलं.

"पप्पा! मी काय सांगितलं होतं? रविवारी मी येते, तोवर हात लावू नका म्हणाले होते ना?"

"टिकटिक करायली होती गं. मला वाटलं, बेअरिंग गेलं असंल."

"तुम्हाला सगळ्यातच बेअरिंग दिसतं! मिक्सर बिघडला, बेअरिंग. माझा नवरा घोरतो, तेही बेअरिंग!"

नेहाला हसू आलं, पण बापलेकीचे चेहरे बघून तिनं ते गिळलं.

सयाजी मूळचा अहमदपूरकडचा. निघोज्याला खोली घेतली आणि महाळुंग्याच्या कंपनीत ग्राइंडिंग मशिनवर उभा राहिला, तो आजवर. यशोदाबाई त्याच्या मागोमाग आली. तिनं संसारभर त्याला हाक मारली ती 'अवं' नाहीतर 'ऐकलं का'. नवऱ्याचं नाव तोंडातून काढायचं नाही, हे ती माहेराहून घेऊन आली होती. सयाजी चिडवायचा, "बँकेत तरी सांगशील का नाही गं?" तर ती वर्षालीला पुढं करायची, "सांग गं तू, बापाचं नाव."

फक्त एकदा ते नाव तिनं घेतलं. घरमालकीण सुभद्राबाईंकडं हळदीकुंकू होतं. सगळ्या बायकांनी धरून बसवली. "घे गं यशोदे, न्हाई घेतलंस तर वाण न्हाई देणार!" वर्षालीनं मोबाइल समोर धरला. यशोदा लाजली, पदर सारखा केला, आणि म्हणाली:

*"कंपनीची बस येते, डबा ठेवते भरून,*
*सयाजीरावांचं नाव घेते, ओव्हरटाइमवर रुसून."*

बायका खिदळल्या. त्या हशातच यशोदा मोबाइलकडं बघून म्हणाली होती, "घेतलं बाई नाव. पण ऐकणारा कुठाय?"

ऐकणारा ओव्हरटाइमला होता.

रात्री घरी आल्यावर सयाजीनं किती विनवलं, "एकदा म्हण की माझ्यासमोर." ती भाकरी थापत म्हणाली, "एकदा घेतलं ते घेतलं. यायचं होतं टायमात." नंतर ती आजारी पडली, दवाखाने झाले, आणि ती गेली. वर्षालीनं तिचे सगळे फोटो-व्हिडिओ या डिस्कवर टाकले, "मोबाइलचा काय भरवसा?" म्हणून. तो मोबाइल खरंच बंद पडला. सुट्टीच्या दिवशी शेजारच्या ज्ञानेशच्या लॅपटॉपला डिस्क लावायची, नाव ऐकायचं, उठायचं, असं सयाजीचं चालू होतं. मग एक दिवस ती टिकटिकायला लागली.

"उघडून काय केलंत, काका?" नेहानं विचारलं.

"काय न्हाई. जपूनच केलं. आतली चकती बोटानं जराशी फिरवून बघितली. मऊ कापडानं पुसली." त्यानं लेकीची नजर टाळली. "आन् कंपनीत नेऊन हवा मारली."

"हवा?"

वर्षालीनं कपाळाला हात लावला. "एअरगननं. यांच्याकडं प्रत्येक जॉब, म्हणजे घासलेला लोखंडी भाग, झाला की हवा मारतात. कचरा उडून जातो."

नेहा हळूच म्हणाली, "त्या हवेतून तेल येतं ना, काका? पाणीही."

येतं. सयाजीला ठाऊक होतं. पांढऱ्या कपड्यावर हवा मारून बघा, ठिपके उठतात. पण हात सवयीनं गेला. यशोदेचं काम होतं, म्हणून तर त्यानं दोनदा मारली होती.

"मग परत लॅपटॉपला लावलीत?"

"लावली. करकर वाजली. मग गप झाली."

नेहानं दिवा तिरका केला. आरशासारख्या चकतीवर एक गोल, मळकट रेघ उठली होती. "हे बघा. डेटा या वरच्या थरात असतो. इथला थरच खरवडून निघालाय. मी खोटी आशा दाखवत नाही. दुसरीकडं विचारून बघा, पण..."

"नगं," सयाजी म्हणाला. ती रेघ त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मशिनवर नवीन माणूस आला की तो स्वतःच बजावायचा: बेतानं घास, काढलेलं मटेरियल परत चढत नसतं.

डिस्क रुमालात बांधून दोघं बाहेर आली. हायवेवर कंटेनरची रांग लागली होती. दोघं रिक्षात बसली. निम्म्या वाटेवर वर्षालीनं बापाच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"मी म्हणून दाखवू, पप्पा? मी तिथंच होते. मला जमेल आईसारखं." आणि तिनं आईसारखीच मान तिरपी करून सुरुवात केली, "कंपनीची बस येते..."

"नगं!"

रिक्षावाल्यानं मागं वळून पाहिलं. सयाजीनं आवाज उतरवला.

"रागवू नगंस, बाळा. तुला हुबेहूब यील, म्हणूनच नगं. मग मला तुझाच आवाज ध्यानात राहील. तिचा जरासा उरलाय कानात. त्याच्यावर दुसरा नगं."

वर्षाली बाहेर तोंड करून रडली. त्यानं तिला रडू दिलं.

दुसऱ्या दिवशी फर्स्ट शिफ्ट. जॉब झाला, हात सवयीनं गनकडं गेला आणि तिथंच राहिला. यशोदेनं एकदाच घेतलेलं ते नाव इथं दिवसभर चारी बाजूंनी यायचं, सुपरवायझर, हमाल, कँटीनवाला, सगळ्यांच्या तोंडून.

"सयाजीराव! ओ सयाजीराव!" पलीकडून बबनराव सुपरवायझर मशिनच्या आवाजावर ओरडला. "हवा मारा न् द्या जॉब! अहो, ऐकणारा कुठाय?"

सयाजीनं गन खुंटीला अडकवली. फडकं घेतलं, जॉब पुसायला लागला.

"हाय की," तो म्हणाला. मशिनच्या आवाजात ते कुणालाच ऐकू गेलं नाही. "इथंच हाय."