रेफ्रीच्या कानाजवळचा कॅमेरा

माझे मिस्टर फुटबॉलचे रेफ्री होते. आठवडाभर नागपूरजवळच्या वाडीतल्या एका ट्रान्सपोर्ट गोदामात सुपरवायझरची नोकरी आणि सुट्टीच्या दिवशी मैदानावर शिट्टी. मी मॅच बघायला फारशी जात नसे. प्रेक्षकांच्या शिव्या मला ऐकवत नसत. ते म्हणायचे, शिव्या मनाला लावून घेणाऱ्याने शिट्टी घेऊच नये.

दोन हिवाळ्यांपूर्वी नागपुरात व्यावसायिक क्लबांची स्पर्धा झाली. आयोजकांनी उपांत्य सामन्यात रेफ्रीच्या कानाजवळ छोटा कॅमेरा लावायचं ठरवलं आणि त्यासाठी यांना निवडलं. कॅमेरा शर्टाच्या बटणाएवढा होता. एवढ्यात कोणाला सांगू नको, असं मला बजावून हे स्वतःच अख्ख्या गल्लीला सांगून आले.

मी घरी मोबाईलवर मॅच लावली. रेफ्रीला जे दिसतंय तेच तुम्हाला दिसतंय, असं कॉमेंटेटर पुन्हा पुन्हा सांगत होता. यांचा श्वास ऐकू येत होता. खेळाडूंशी किती मऊ बोलतात, हे मला त्या दिवशी कळलं.

उत्तरार्धात कॉर्नर मिळाला. गर्दीत एका बचावपटूने कामठीच्या तरुण खेळाडूच्या तोंडावर कोपर हाणलं. चित्रात डावीकडे ते स्वच्छ दिसलं. पोरगा कोसळला. शिट्टी वाजली नाही. खेळ तसाच पुढे गेला आणि दुसऱ्या टोकाला गोल झाला.

संध्याकाळपर्यंत ती क्लिप सगळ्यांच्या फोनवर होती. रेफ्रीच्या डोळ्यांसमोर मारलं, रेफ्री विकला गेला, असं लोक लिहीत होते.

हे घरी आले आणि बूटही न काढता माझा फोन मागून घेतला. क्लिप कितीदा तरी पाहिली. मग उजव्या डोळ्यावर तळहात ठेवून समोरच्या कपाटाकडे बघत उभे राहिले.

"मले हे दिसलंच नाही वं," ते म्हणाले. "डाव्या बाजूचं काहीच दिसून नाही राहिलं."

रामदासपेठेतल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. दृष्टी कडेकडेने जाते, माणसाला उशिरा कळतं, आणि गेलेली परत येत नाही.

दुसऱ्या दिवशी हे म्हणाले, कामठीला जायचं. स्कूटर मी चालवली. त्या पोराचा जबडा तारेने बांधलेला होता. त्याच्या आईने आम्हाला बसा म्हटलं, पण ती स्वतः उभीच राहिली.

"बाबू, तुले मारलं ते मले दिसलं नाही," हे म्हणाले. "डोळा गेला माझा. पैसे नाही खाल्ले मी."

दात आवळूनच तो म्हणाला, "सर, तसं मी कधी म्हटलंच नाही."

त्याची आई म्हणाली की गोव्याच्या क्लबने त्याला चाचणीसाठी बोलावलं होतं, ते आता गेलं. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. चहा आला, तो कोणालाच नीट पिता आला नाही.

रेफ्रींच्या संघटनेला यांनी सगळं सांगितलं आणि शिट्टी कायमची खाली ठेवली. मी म्हटलं, लोकांनाही खरं सांगा, निदान तो डाग तरी पुसला जाईल. तर म्हणाले, "कोणाकोणाले डोळा दाखवत फिरू?" त्यामुळे आजही बाजारात कोणीतरी हळूच बोट दाखवतं. यांना ते दिसत नाही, मला दिसतं.

तो पोरगा पुन्हा खेळायला लागला, पण गोव्याहून बोलावणं आलं नाही. यांचा उजवा डोळाही आता अधू होतोय. मी रोज थेंब घालते.

हल्ली टीव्हीवरच्या मोठ्या सामन्यांतही रेफ्रीच्या कानाजवळून टिपलेलं चित्र दाखवतात. ते आलं की हे भिंतीला हात लावत उठतात आणि आतल्या खोलीत जाऊन बसतात.