साबणावरचा लेख

ज्योतिबा जगदाळेला नानासोंची मनापासून किळस यायची. सांगलीत एका भुसार दुकानाच्या माडीवर नानासो 'उद्योगदीपिका' नावाचं मासिक चालवायचे. सकाळी खुर्चीत बसले की दिवेलागणीपर्यंत हलायचे नाहीत. उभ्या जन्मात या माणसानं सुतळीचा तोडासुद्धा विकला नव्हता, आणि दर महिन्याला पहिल्या पानावर छापायचा, 'तरुणांनो, नोकऱ्या सोडा, कारखाने काढा!' शेजारी स्वतःचा फेटा बांधलेला फोटो.

ज्योतिबा या मासिकात लेख लिहायचा. नोकर म्हणून नव्हे. लेख छापला तर पानामागं जे ठरेल ते मिळायचं. तो विट्याकडचा. दोघे भाऊ पलटणीत गेले, याला डोळ्यांमुळं परत पाठवलं. सुट्टीवर आलेला थोरला चारचौघांत म्हणायचा, "आमी लढाई करतो, आन ह्यो कागदं काळी करतो." ते ज्योतिबाला झोंबायचं. म्हणून तो इतर लेखकांसारखा घरबसल्या लिहीत नसे. दोरखंडावर लिहायचं तर दोन दिवस दोरवाल्याच्या अंगणात उभा राहायचा, काकवीवर लिहायचं तर गुऱ्हाळावर मुक्काम ठोकायचा. बाकीचे लेखक त्याच्या लेखी उष्टं खाणारे होते. इंग्रजी पुस्तकातून उचलायचं आणि खाली आपलं नाव घालायचं!

सेहेचाळीसच्या उन्हाळ्यात अंक छापखान्यात अडला. चार पानं कमी पडत होती.

"साबणावर द्या," नानासो म्हणाले. "बाजारात साबण मिळत नाही, लोक वाचतील. उद्या सकाळी पाहिजे."

"साबण मी केलेला नाही."

"मग मी तरी कुठं केलाय?" नानासो हसले आणि कपाटातलं एक जुनं इंग्रजी पुस्तक त्यांनी पुढं सरकवलं.

ज्योतिबानं तिथंच बसून लेख उतरवला. छापून आला तेव्हा बरा वाटला. भाषा तर झकास होती.

महिन्याभरानं मिरजेचा रसूल पिंजारी जिना चढून वर आला. गाद्या भरणारा माणूस, दाढीत कापूस अडकलेला. हातात तो अंक. त्याच्या बायकोनं, अख्तरबीनं, लेख एकाकडून वाचून घेतला होता. लिहिलं होतं तसं मडक्यात कास्टिक सोडा घेऊन वरून पाणी ओतलं. मडकं फसफसून उडालं आणि कोपरापर्यंत दोन्ही हात पोळले.

नानासोंनी अंक उलटा केला आणि शेवटच्या पानावरच्या बारीक ओळीवर बोट ठेवलं. "वाचा. लेखकांच्या मतांशी संपादक सहमत असतीलच असं नाही."

"मत न्हवं सायेब," रसूल म्हणाला, "कास्टिक हुतं त्ये."

ज्योतिबा कोपऱ्यात बसून होता. त्यानं कपाटातलं पुस्तक काढलं, पान शोधलं. पाण्यात कास्टिक थोडं थोडं सोडावं, असं स्वच्छ लिहिलं होतं. यानं घाईत उलटं केलं होतं. तो उठून म्हणाला, "तो लेख माझा." रसूलनं त्याच्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि जिना उतरला. नानासो मात्र वैतागले. "कबूल कशाला केलंत? जाणारच होता की तो!"

दुसऱ्या दिवशी ज्योतिबा मिरजेला गेला. अख्तरबी दारात बसली होती, हातांना चिंध्या गुंडाळलेल्या. तो कोण ते कळल्यावर ती उठली नाही की बसाही म्हणाली नाही.

"तुमी सोता कवा साबण केलाय?"

"न्हाई."

"मग लिवलं कशाला?"

एवढी वर्षं हाच प्रश्न तो मनात नानासोंना विचारत आला होता. आज तो त्याच्यावरच उलटला होता. तो म्हणाला, "हात माझे घ्या. तुमी सांगा, मी करतो."

अख्तरबी तिरस्कारानं हसली. पण घरात करंजाचं तेल आणून ठेवलं होतं आणि उरलेलं कास्टिक तसंच पडलं होतं. "या उद्या," ती म्हणाली.

पहिला घाणा तेल सुटून वाया गेला. दुसरा दगडासारखा झाला. ती ओट्यावरून ओरडायची, "आवं, एकाच बाजूनं ढवळा! एवढंबी येत न्हाई?" आणि ज्योतिबा मुकाट ढवळायचा. पाचव्या खेपेला लाकडी चौकटीत वडी धरली. तिनं चिंधीतून बाहेर आलेल्या बोटानं दाबून पाहिली, मग रसूलला हाक मारली.

ज्योतिबानं चुकीची दुरुस्ती आणि नवा लेख, अख्तरबीच्या नावासकट, नानासोंपुढं ठेवला.

"दुरुस्ती छापली की मासिकाची अब्रू जाते," नानासो म्हणाले. "आणि पिंजाऱ्याच्या बायकोचं नाव लेखावर? तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना? पुढच्या अंकाला डिंकावर चार पानं द्या."

ज्योतिबानं वाद घातला नाही. नानासो जेवायला गेल्यावर त्यानं वर्गणीदारांची वही उतरवून घेतली. नानासो सभेत दोन हजार सांगायचे. नावं निघाली दोनशे बारा. त्यातले एकोणीस नानासोंचे पाहुणे. प्रत्येकाला त्यानं स्वतःच्या हातानं कार्ड लिहिलं: माझा लेख चुकीचा आहे, एक बाई भाजली, कास्टिक पाण्यात थोडं थोडं टाका, कास्टिकवर पाणी ओतू नका. खाली सही.

नऊ उत्तरं आली. तिघांनी शिव्या घातल्या. विट्याच्या एका सराफानं कळवलं की मासिक तो वाचत नाही, कागदाची टंचाई असल्यानं पुड्या बांधायला घेतो. तासगावच्या रंगुबाई म्हणून कुणी होत्या. त्यांनी लिहिलं होतं की सामान काढून ठेवलं होतं, कार्ड वेळेवर पोचलं.

कार्डांची बातमी लागल्यावर नानासोंनी त्याला जिन्यावरूनच हाकललं. ज्योतिबानं पुन्हा त्या मासिकात लिहिलं नाही. पुढं छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायला लागला. अख्तरबीचा साबण मिरजेच्या बाजारात दोन वर्षं तरी खपत होता. तिच्या हातांवरचे डाग गेले नाहीत, आणि ज्योतिबाशी ती अखेरपर्यंत तुटकच बोलली. त्याला त्याची तक्रार नव्हती. नानासोंना मात्र पुढं एका सभेत 'उद्योगमहर्षी' म्हणून शाल मिळाली. ती बातमी ज्योतिबानंच खिळ्यात जुळवली, एकही चूक न करता, आणि मग नळाखाली जाऊन खळाखळा हात धुतले.