प्रश्न विचारल्याबद्दल हार्दिक अभिनंदन

आमच्या गावच्या फाट्यावर माझ्या अभिनंदनाचा फ्लेक्स लागला, तेव्हा मी अजून काहीच केलेलं नव्हतं.

फ्लेक्सवर लिहिलं होतं, 'आमच्या गावचे भूषण चि. परमेश्वर यांनी नांदेडच्या विद्यापीठात प्रश्न विचारल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' प्रश्न मी दुसऱ्या दिवशी विचारणार होतो. मी तो विचारीनच, याची खात्री गावाला होती. मला नव्हती.

त्याचं असं आहे की मला चर्चा ऐकायचा भारी नाद आहे. कॅम्पसवर कुणीही वक्ता येवो, कुठल्याही विचाराचा, कुठल्याही रंगाचं उपरणं घातलेला, मी जाऊन शेवटच्या रांगेत बसतो. एक जण सांगतो देश पुढं चाललाय, दुसरा सांगतो मागं चाललाय, आणि मला दोघांचंही पटतं. मग पोटात प्रश्न उठतात. ते तसेच पोटात घेऊन मी हॉस्टेलवर येतो. खोलीतला माझा मित्र सिद्धार्थ एकदा म्हणाला, "तू प्रश्न पाळतूस का रे? सोडत तर एकबी न्हाईस."

आमच्या विभागप्रमुख सरांनी हे हेरलं असावं. गावच्या लोकशाहीवर बोलायला बाहेरगावच्या एक मोठ्या अभ्यासक बाई येणार होत्या. सरांनी भर वर्गात जाहीर केलं की व्याख्यानानंतरचा पहिला प्रश्न परमेश्वर विचारेल. सगळा वर्ग मागं वळून पाहू लागला. (मीही मागं वळून पाहिलं. मागं भिंत होती.)

मी घरी फोन केला. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेला मी पहिलाच, त्यामुळं विद्यापीठातली प्रत्येक गोष्ट बाबांना मुळापासून सांगावी लागते, आणि त्यांनाही ती मुळापासूनच हवी असते.

"प्रश्न तर मास्तर इचारतेत ना?" बाबा म्हणाले. "मग तू कामून इचारून राहिला?"

मी सांगितलं, इथं पाहुणे बोलतात आणि मग मुलं त्यांना विचारतात.

"मोठ्या मानसाला? समद्यांसमोर?" बाबांनी विचारलं. "अन् ते रागावत न्हाईत?"

मी म्हटलं, नाही, उलट खूश होतात. ही बातमी बाबांना इतकी नवलाची वाटली की त्यांनी ती आईला सांगितली, आईनं शेजारी सांगितली, आणि संध्याकाळपर्यंत ती बापूकाकांपर्यंत गेली. तिथंच घात झाला.

बापूकाका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, ग्रामपंचायत सदस्य. ज्याचा फ्लेक्स लागला नाही ती गोष्ट घडलीच नाही, अशी त्यांची श्रद्धा आहे. आमच्याकडं वाढदिवसाचा फ्लेक्स लागतो, भरतीत निवड झाल्याचा लागतो, निवड थोडक्यात हुकल्याचाही लागतो. तेव्हा घराण्यातला पोरगा विद्यापीठात उभा राहून बोलणार आणि फाटा मोकळा राहणार, हे त्यांना कसं सोसावं? तशात उमरीचा फ्लेक्सवाला दुसऱ्या दिवशी माहूरला देवीच्या दर्शनाला जाणार होता. म्हणून काकांनी अभिनंदन एक दिवस आधीच उरकून घेतलं.

सिद्धार्थनं मला तो फ्लेक्स मोबाईलवर दाखवला. गावातल्या कुणीतरी स्टेटसला ठेवला होता. चुलतबहिणीच्या लग्नात नवरदेवाच्या मित्राचा गॉगल घालून आणि मोबाईल कानाला लावून मी एक फोटो काढला होता, तोच त्यांनी छापला. (मोबाईल बंद होता.) माझ्या खांद्यावर कुणाचातरी मनगटापासून कापलेला हात होता. शेजारी शुभेच्छुक म्हणून बापूकाका, माझ्या दुप्पट आकाराचे.

फ्लेक्स उतरवायला सांगायचाच, असं ठरवून मी काकांना फोन लावला.

"काका, मी अजून विचारला नाही प्रश्न."

"उद्या इचारतूस ना?"

"हाव, पण नाही जमलं तर?"

"न जमायला काय झालं? आता फ्लेक्स लागलाय."

मी म्हटलं, "बरं."

बापूकाकांना 'बरं' सोडून दुसरं काही म्हटल्याचं मला आठवत नाही. गंमत अशी, की माझा प्रश्न नेमका त्याबद्दलच होता. पण तो काय आहे हे मी काकांना सांगितलं नव्हतं, आणि त्यांनीही विचारलं नव्हतं. प्रश्न विचारला जातोय एवढंच त्यांना पुरेसं होतं.

दुसऱ्या दिवशी सभागृहात मी पहिल्यांदाच पुढून दुसऱ्या रांगेत बसलो. पहिली रांग मान्यवरांसाठी राखीव होती. कार्यक्रम सुरू व्हायच्या बेतात असताना मागचं दार उघडलं आणि बापूकाका, बाबा आणि डबा घेतलेली आई, असे तिघं आत आले. काकांच्या हातात पिशवी होती आणि पिशवीतून नारळाची शेंडी डोकावत होती. काकांनी सभागृहावर नजर फिरवली, राखीव रांग रिकामी पाहिली आणि सगळ्यांना तिथं बसवलं. सदस्य माणूस, दुसरीकडं बसायची सवय नाही.

बाई फार छान बोलत होत्या. आमच्या गावाकडं एक रीत आहे, आपल्या माणसाचा विषय निघाला की टाळ्या वाजवायच्या, नाहीतर आपला माणूस पडल्यासारखा दिसतो. आपल्या माणसाचा विषय 'प्रश्न' हा आहे, एवढं काकांना ठाऊक होतं. त्यामुळं बाई म्हणाल्या, "गावाचे प्रश्न गावानंच सोडवले पाहिजेत," की पहिल्या रांगेत टाळ्या. "इथे मूळ प्रश्न असा आहे," की टाळ्या. बाबा आधी काकांकडं बघून वाजवत होते, पुढं पुढं स्वतःहून वाजवायला लागले.

इतक्या टाळ्या बाईंना कुठं मिळाल्या नसाव्यात. त्या खुलल्या. समोरचे कागद बाजूला ठेवून त्या नव्यानं बोलू लागल्या, आणि टाळ्या मिळतील तशा बोलत राहिल्या. विभागप्रमुख सर घड्याळाकडं बघून राहिले होते. शेवटी बाई थांबल्या तेव्हा सर उठले आणि म्हणाले, "सभागृह पुढच्या कार्यक्रमासाठी द्यायचं आहे. वेळेअभावी आज प्रश्नोत्तरं होणार नाहीत."

खरं सांगतो, मला आधी सुटल्यासारखं वाटलं. मग फाटा आठवला. रोज सगळं गाव तिथं जीपची वाट बघत उभं असतं, समोर फ्लेक्स, आणि फ्लेक्सवरचा पोरगा नुसता बसून आलेला! पुढच्या रांगेत आईनं बाबांना हळूच विचारलं, "झालं का आपल्या परमूचं?" बाबा काकांकडं बघू लागले.

तेवढ्यात बापूकाका उभे राहिले.

"सर, असं चालत न्हाई. पोराचा फ्लेक्स लागलाय."

सरांना अर्थ लागला नाही. काका सरळ मंचावर गेले आणि त्यांनी आपला मोबाईल बाईंसमोर धरला. बाईंनी चष्मा लावून फ्लेक्स पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, मग सभागृहात नजर फिरवली.

"हे गॉगलवाले कोण?"

सिद्धार्थनं मला पाठीमागून ढकललं. बाई सरांना म्हणाल्या की प्रश्न घ्यावाच लागेल, नाहीतर विद्यापीठामुळं एक फ्लेक्स खोटा पडेल. सभागृह हसलं. माझ्या हातात माईक आला.

समोर बापूकाका, पिशवीतली शाल दोन्ही हातांत धरून, कौतुकानं माझ्याकडं बघून राहिलेले. त्यांच्याकडं बघत तो प्रश्न विचारणं शक्यच नव्हतं. म्हणून मी वरच्या पंख्याकडं बघत म्हणालो, "मॅडम, आमच्या ग्रामसभेत बसलेला प्रत्येक माणूस कुणाचातरी काका, मामा नाहीतर व्याही असतो. संध्याकाळी त्याच्याच घरी जेवायला जायचं असतं. मग त्याच्या विरोधात हात वर कसा करायचा?"

 बाई निघायच्या तयारीनं उभ्या होत्या. त्यांनी हातातला पुष्पगुच्छ टेबलावर ठेवला आणि परत खाली बसल्या. सगळ्या वह्या उघडल्या गेल्या. "याचं उत्तर आहे," बाई म्हणाल्या आणि पुढं झुकल्या.

नेमक्या त्याच क्षणी बापूकाका माझ्यापर्यंत पोचले. प्रश्न काय होता हे त्यांनी ऐकलं नव्हतं, आवाज थांबला एवढं मात्र ऐकलं होतं. आमच्याकडं माणूस बोलून थांबला की सत्कार. शाल पडली, नारळ हातात आला, आणि काकांनी पिशवीतून फेटा काढून माझ्या डोक्याला गुंडाळायला सुरुवात केली. बापूकाकांचा फेटा कपाळापासून सुरू होतो आणि दोन्ही कान झाकून मगच वर जातो. आई-बाबा टाळ्या वाजवत होते. सिद्धार्थला काकांनी व्हिडिओ काढायला लावलं होतं. बाईंचे ओठ हलत होते, मुलं भराभर लिहून घेत होती, आणि मला कापडाची सळसळ सोडून काही ऐकू येत नव्हतं.

"काका, थांबा," एवढंच म्हणायचं होतं.

"ताठ उभा ऱ्हा," काका म्हणाले असावेत.

मी म्हटलं, "बरं."

नंतर कॅम्पसवरच्या कडुलिंबाखाली आईनं डबा उघडला. धपाटी खाता खाता बाबा हळूच म्हणाले, "प्रश्न लई चांगला इचारलास. मी बी कधी हात वर केला न्हाई बघ ग्रामसभेत. काय सांगितलं बाईनं?"

मी काकांकडं बघितलं. काकांनी सिद्धार्थकडं बघितलं. सिद्धार्थनं व्हिडिओ लावला. त्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत बापूकाकांची पाठ आहे आणि आवाज टाळ्यांचा.

"सांगतो नंतर," मी म्हणालो. बाबा अजून वाट बघतायत. दर फोनला विचारतात.

फ्लेक्सही अजून फाट्यावरच आहे. ग्रामपंचायतीची निवडणूक होईपर्यंत राहू दे, असं काकांचं म्हणणं आहे. तो उतरवा, असं काकांना कसं सांगायचं ते मला कळत नाही. त्याचं उत्तर त्या दिवशी सभागृहात सगळ्यांना मिळालंय, फेट्यातला मी तेवढा सोडून. वर्गात कुणालाही विचारता येईल. पण विचारायचं म्हणजे तो पुन्हा एक प्रश्नच झाला, आणि बापूकाकांच्या कानावर गेला तर त्याचाही फ्लेक्स लागेल.