साडूंचं गंजाशी वैर

गंजाशी उभा दावा मांडलेला माणूस सबंध नगर जिल्ह्यात एकच, आणि तो माझ्या वाट्याला थोरला साडू म्हणून आला. नगरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात ते धातुशास्त्र शिकवतात. कुणाच्याही घरी गेले की पाण्याचा तांब्या हाती घेण्याआधी खिडकीच्या गजांवरून बोट फिरवतात. आमच्या धाकट्या मेव्हणीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना हे मांडवाच्या लोखंडी खांबाशी उकिडवे बसलेले. नखाने एक पोपडा काढून मला हळूच म्हणाले, "पाव्हणं, ह्यो आतून गेलाय. भटजीला म्हनावं, आटपा."

या वैराला कारण होतं. राहात्याला, गावी, त्यांच्या आईच्या मांडीचं हाड मोडलं, तेव्हा त्याला पोलादी पट्टी बसवली होती. ती आतल्या आत गंजली. काढली तोवर भोवतालचं मांस काळवंडलं होतं, आणि आई कायमची लंगडी झाली. तेव्हापासून साडूंनी टायटॅनियमचा एक मिश्रधातू हाती घेतला. वितळलेला रस इतक्या झटक्यात गार करायचा, की आतल्या अणूंना रांगा लावायला उसंतच मिळू नये. मग धातू काचेसारखा घडतो. रांगा नाहीत म्हणून त्यांच्यामधले सांधे नाहीत, आणि सांधेच नाहीत तर गंज शिरणार कुठून? पण काचेसारखा म्हणून तो ठिसूळही. त्यावर उपाय म्हणून त्यांनी त्यात मऊ धातूचे बारीक कण वाढू दिले. तुकडा चिवट झाला. या खटाटोपात त्यांच्या बायकोच्या, म्हणजे माझ्या थोरल्या मेव्हणीच्या, लोणच्याच्या सगळ्या बरण्या मिठाचं पाणी भरून प्रयोगशाळेत गेल्या, त्या परत आल्याच नाहीत.

शेवटच्या चाचणीला त्यांनी मला मुद्दाम बोलावलं. तुकडा शरीरातल्यासारख्या खारट, कोमट पाण्यात बुडवला आणि विजेचा दाब हळूहळू वाढवत नेला. पडद्यावरची प्रवाहाची रेघ सपाट राहिली तर धातू शाबूत. बराच वेळ ती सपाट होती. मग उभीच्या उभी वर गेली.

साडूंनी तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली धरला. मऊ कण आणि काच जिथे भेटत होते, नेमके तिथेच खड्डे पडले होते.

"चिवट केला, तिथंच खाल्ला," ते म्हणाले. "चौथी बारी हाय ही. आता न्हाई हुयाचं माझ्याच्यानं."

तिथूनच आम्ही राहात्याला गेलो. आई ओट्यावर बसली होती. तिला त्यांनी सगळं सांगितलं, विद्यार्थ्याला सांगावं तसं, सावकाश.

तिने ऐकून घेतलं. "इतकी वर्सं हे माझ्या पायासाठी करीत हुतास व्हय? मला वाटलं, तुझी नोकरीच तसली हाय."

मग भिंतीला धरून ती उठली. "चल, पेरूला बहार कसा आलाय बघ."

त्यांच्या खांद्यावर हात टाकून ती बागेकडे निघाली. मी ओट्यावरच थांबलो. एरवी ताडताड चालणारा हा माणूस तिच्या पावलागणिक थांबत होता, आणि पेरूची झाडं आली तरी त्याने तिच्या पायावरून नजर वर केली नाही.